रक्ताचे डाग : टिपायचे कसे, वाचायचे कसे आणि थांबायचं कुठे

रावेर तालुक्यातल्या एका घराच्या खुंटीवरून आम्ही एक बंडी उतरवली होती. पोटावर, बाहीवर, खांद्यावर काळपट तपकिरी डाग. काही ठिपके, काही ओघळ आणि एका जागी बोटांनी पुसल्यासारखा पट्टा. बंडीवाल्याचं मयताशी बांधावरून वैर होतं, त्यामुळे आमच्या मनात सगळी गोष्ट जुळूनही गेली होती. पंच म्हणून बोलावलेले एक बाबा पुढे आले. बंडीला हात न लावता त्यांनी ती खालीवर निरखली आणि म्हणाले, "साहेब, हाई रगत नही शे, केयीना चीक शे." बाबांचा जन्म केळीचे घड कापण्यात गेलेला. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तोच आला.

केळीचा चीक झाडातून निघतो तेव्हा जवळजवळ पाण्यासारखा असतो. हवा लागली की तो तपकिरी होतो आणि कापडातून धुऊनही जात नाही. मजूर घड खांद्यावर घेऊन चालतो, म्हणून चिकाचे ठिपकेही पडतात आणि ओघळही येतात. म्हणजे डागाचा आकार रक्ताच्या डागासारखा असला तरी त्यावरून तो रक्ताचाच आहे असं ठरत नाही. त्या दिवसापासून मी एक क्रम कधी मोडला नाही: आधी टिपायचं, मग हे रक्त आहे का ते ठरवायचं आणि शेवटी डाग कसा पडला ते बोलायचं.

पुढचं सगळं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यापाड्यांत नव्याने तपास हाती घेणाऱ्या अंमलदारांसाठी आणि फॉरेन्सिक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. या विषयाची पुस्तकं बहुतेक गुळगुळीत रंगवलेल्या भिंती धरून लिहिलेली असतात. आपल्याला भेटते ती शेणाने सारवलेली जमीन, मातीची भिंत, धाब्याचं छत, पत्रा, शहाबादी फरशी, कापसाची गोणी आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन.

उंबऱ्यावर थांबा

माणूस जिवंत असेल तर त्याला उचलून दवाखान्यात न्या, त्यात पाच डाग पुसले गेले तरी चालतील. मात्र त्याला कोणी उचललं, कुठून नेलं आणि कोणाच्या पायात काय होतं, हे त्याच वेळी लिहून घ्या. नेणाऱ्यांच्या कपड्यांवर रक्त लागणारच. ते आज लिहिलं नाही तर उद्या तेच डाग संशयाचे ठरतात.

माणूस गेला असेल तर उंबऱ्यावरच थांबा. भिंतीच्या कडेने आत जाण्याची एकच वाट ठरवा आणि सगळ्यांना तिनेच जायला लावा. पंखा चालू आहे की बंद, दिवा कसा होता, दार उघडं होतं की लोटलेलं, याची नोंद घ्या आणि ते आहे तसंच राहू द्या. पंख्याच्या वाऱ्याने डाग लवकर सुकतात. पुढे वाळण्यावरून काही बोलायची वेळ आली तर ही नोंद लागते.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. मयत हललं की घरातल्या बायका घर झाडून, धुऊन, सारवून घेतात. त्यात लपवाछपवी नसते. घरात रक्त सांडलेलं राहू देणं त्यांना सहन होत नाही. म्हणून पोचताच घरातल्या वडीलधाऱ्या बाईला हात जोडून सांगा, "मावशी, आम्ही सांगेपर्यंत झाडू लावू नका, सारवू नका." दरडावून सांगितलेलं विसरलं जातं, समजावून सांगितलेलं पाळलं जातं. शेतात घटना असेल आणि आभाळ भरून आलं असेल, तर मोठ्या डागावर घमेलं उपडं घाला. त्याची कड डागाला लागू देऊ नका.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. फॉरेन्सिक व्हॅनला आधी फोन करा. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर व्हॅन पोचेपर्यंत जे तास जातात, ते तुमच्या हातात असतात. खालची बरीचशी कामं त्या तासांतली आहेत.

फोटो: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

आधी चारही कोपऱ्यांतून सबंध खोली घ्या. मग डागांचा एकेक समूह, म्हणजे दाराजवळचे, खाटेखालचे, भिंतीवरचे. शेवटी एकेक डाग जवळून. जवळचा प्रत्येक फोटो दोनदा काढा, एकदा पट्टीशिवाय आणि एकदा पट्टी ठेवून. कॅमेरा डागाच्या अगदी समोर, काटकोनात हवा. तिरका धरलात तर गोल डाग लांबट दिसतो आणि पुढची सगळी मोजमापं खोटी ठरतात. नवख्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक हीच, कारण उभ्या उभ्या खाली वाकून फोटो काढला की कॅमेरा तिरका होतोच.

भिंतीवरच्या डागांसाठी गवंड्याचा ओळंबा बरोबर ठेवा. डागांशेजारी ओळंबा सोडून फोटो घेतला की उभी रेघ कोणती, हे फोटोतच दिसतं. मातीच्या भिंती सरळ नसतात, खालच्या कडेवरून अंदाज चुकतो. मोठ्या भिंतीवर टेपने एकेक मीटरचे चौकोन आखा, त्यांना क्रमांक द्या आणि कच्च्या नकाशात तेच क्रमांक लिहा. सारवणावर वाळलेलं रक्त वरून प्रकाश टाकला तर दिसतच नाही. टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. डागाची कड सारवणापेक्षा वेगळी चमकते.

डागाची जात

एका थेंबावरून काही ठरत नसतं, समूह बघायचा. ढोबळ मानाने तीन जाती धरा.

पहिली, रक्त आपल्या वजनाने पडलेलं: ठिपके, थारोळं, ओघळ, कापडात मुरलेलं. चालत्या जखमी माणसाच्या थेंबांची माळ यातच येते. ओघळ नेहमी खाली जातो, म्हणून अंगावरचा किंवा कपड्यावरचा ओघळ आडवा दिसला तर रक्त वाहताना शरीर वेगळ्या स्थितीत होतं, हे कळतं.

दुसरी, लागून उमटलेलं. रक्ताळलेली वस्तू स्वच्छ जागी टेकली तर ठसा उमटतो: चपलेचा, तळव्याचा, केसांचा. यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. रक्ताळलेली वस्तू स्वच्छ जागेवरून घासत गेली, की आधीच पडलेल्या रक्तातून दुसरीच वस्तू फिरली? पहिल्यात रक्त वस्तूबरोबर आलं, दुसऱ्यात ते तिथे आधीच होतं. घटनांचा क्रम लावताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

तिसरी, जोराने उडालेलं. आघाताने उडालेले बारीक शिंतोडे, तुटलेल्या धमनीतून ठोक्याठोक्याने येणाऱ्या पिचकाऱ्यांचे नागमोडी पट्टे, तोंडा-नाकातून श्वासाबरोबर बाहेर आलेलं रक्त आणि उगारलेल्या हत्यारावरून झटकलेल्या थेंबांच्या ओळी. तोंडातून आलेल्या रक्तात लाळ मिसळलेली असते आणि कधी फुगे फुटल्याच्या गोल खुणा राहतात. कुऱ्हाड किंवा दांडा वर गेला की थेंब ओळीने भिंतीवर आणि छतावर पडतात. धाब्याच्या घरात मान वर करून कड्या-सरे तपासायला विसरू नका. काळ्या धुरकट लाकडावर हे थेंब टॉर्चशिवाय दिसत नाहीत. या ओळी मोजून "इतके घाव" असं मात्र लिहू नका. पहिल्या घावाला हत्यारावर बहुधा रक्तच नसतं, आणि हत्यार वर जाताना तसंच खाली येतानाही थेंब सुटू शकतात.

जुन्या टिपणांत कमी, मध्यम आणि तीव्र वेगाचे शिंतोडे अशी वाटणी सापडेल. ती आता सोडून दिलेली आहे. खोकल्यातून आलेले आणि गोळीने उडालेले थेंब आकाराने सारखे असू शकतात, तेव्हा आकारावरून वेग सांगणं धोक्याचं.

एक गोष्ट ठासून सांगतो. घरभर रक्त म्हणजे खूनच, असं धरून चालू नका. पायाच्या फुगलेल्या शिरा फुटून किंवा यकृताच्या आजारात अन्ननलिकेच्या शिरा फुटून माणूस घरात फिरता फिरता मरतो आणि भिंती, दारं, मोरी, अंथरूण सगळं रक्ताने माखतं. शवविच्छेदन होण्याआधी पंचनाम्यात "मारहाणीत" हा शब्द लिहिलात, तर तो शब्द खोडायला पुढे वर्षं जातात.

कोन मोजायचा तो असा

थेंब तिरका आदळला की डाग लांबट उमटतो. डागाची रुंदी भागिले लांबी, आणि त्या आकड्याचा साइन-व्यस्त (गणकयंत्रावरची sin⁻¹ ची कळ) म्हणजे आदळण्याचा कोन. मोबाइलच्या गणकयंत्रावर हे होतं. रुंदी ४ मिलिमीटर, लांबी ८ मिलिमीटर: भागाकार ०.५, कोन ३० अंश. लांबी मोजताना पुढची शेपटी धरायची नाही, फक्त अंड्यासारखा मूळ आकार धरायचा. शेपटीचं टोक थेंब ज्या दिशेला चालला होता तिकडे असतं. मोठ्या डागातून फुटून निघालेल्या बारक्या थेंबांची शेपटी मात्र उलटी, आपल्या मूळ डागाकडे असते. हे माहीत नसेल तर दिशाच उलटी वाचली जाते.

आता एका समूहातले दहा-पंधरा स्वच्छ लांबट डाग निवडा. प्रत्येकाच्या लांबीच्या रेषेत मागे दोरा ओढा. दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वरून पाहता रक्ताचा उगम होता. ते टोकदार बिंदूवर कधीच मिळत नाहीत, एक लहानसं क्षेत्र मिळतं. क्षेत्रच लिहा.

उंची काढायची तर डागापासून त्या क्षेत्रापर्यंतचं अंतर गुणिले कोनाचा टॅन. आपला ३० अंशांचा डाग जमिनीवर असेल आणि अंतर १५० सेंटिमीटर, तर १५० गुणिले ०.५७७, म्हणजे सुमारे ८७ सेंटिमीटर. पण थेंब सरळ रेषेत जात नाही, वजनाने खाली वाकत येतो आणि आपण ओढलेला दोरा सरळ असतो. म्हणून खरा उगम या उंचीच्या खालीच असतो. ८७ सेंटिमीटर ही वरची मर्यादा झाली. या मर्यादेचा उपयोग मोठा आहे. कोणी म्हणालं की उभ्या माणसाच्या डोक्यावर घाव बसून हे शिंतोडे उडाले, तर मोजमापातली चूक गृहीत धरूनही ते या डागांशी जुळत नाही. डोकं तेव्हा खाली होतं. तो बसलेला होता, वाकलेला होता की पडलेला, हे डाग सांगत नाही.

चुकीचा वाव किती, तेही बघा. लांबी १० मिलिमीटर आणि रुंदी ५ ऐवजी ५.५ मोजली, तर कोन ३० वरून ३३ वर जातो. तेवढं चालेल. पण रुंदी ९.५ ऐवजी १० मोजली गेली, तर कोन ७२ वरून थेट ९० वर उडी मारतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीत १८ अंश गेले. म्हणून जवळजवळ गोल डाग या हिशेबात घेऊच नका.

हे गणित शहाबादी फरशीवर, रंगवलेल्या दारावर, पत्र्यावर, स्टीलच्या डब्यावर चालतं. सारवणावर आणि खरबरीत कोब्यावर थेंबाची कड फाटते, काटे फुटतात, रक्त मुरतं. सुती कापडावर ते धाग्याधाग्याने पसरतं. तिथे कोन काढण्याचा हट्ट नको.

जिथे डाग नाही

शिंतोड्यांनी भरलेल्या भिंतीत एखादा तुकडा कोरा दिसला, तर तिथे काहीतरी होतं आणि ते नंतर हललं. कापसाची गोणी, खाटेचा गात, उघडं दार किंवा उभा माणूस. कोऱ्या जागेची उंची, रुंदी, कडेचा आकार मोजा आणि घरातली प्रत्येक हलवता येणारी वस्तू तिथे मनाने ठेवून बघा. तेवढ्याच मापाची वस्तू सापडली तर तिच्या त्या बाजूवर शिंतोड्यांचा उरलेला भाग आहे का, ते तपासा. जुळला तर दोन्हींचा एकत्र फोटो घ्या.

वाळणं, रंग आणि माश्या

थेंबाची कड आधी सुकते आणि मधला भाग नंतर. अर्धवट सुकलेला थेंब पुसला गेला की कडेचं कडं तसंच राहतं. ते दिसलं तर रक्त पडणं आणि पुसलं जाणं यांत काही वेळ गेला, एवढं खात्रीने म्हणता येतं. किती मिनिटं, ते ऊन, वारा, जमीन आणि थेंबाचा आकार यांवर ठरतं. भुसावळच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीला पुस्तकातली मिनिटं लावू नका. रक्त लालाचं तपकिरी होतं, पण रंगावरून वेळ सांगू नका.

आता माश्या. रक्तावर बसलेली माशी उडून दुसरीकडे बसते, तिथे ओकते, विष्ठा टाकते. त्या ठिपक्यांत रक्त असतंच, म्हणून प्राथमिक चाचणीही होकारार्थी येते, आणि पाहणाऱ्याला बारीक शिंतोडे वाटतात. ओळखायचं असं: त्यांना एक दिशा नसते, दोरे मागे ओढले तर कुठेच जुळत नाहीत, आणि ते दिव्याभोवती, खिडकीच्या तावदानावर, कधी घटना न घडलेल्या खोलीतही सापडतात.

उचलताना

प्राथमिक चाचणीत आधी फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड घालण्याआधीच गुलाबी रंग आला तर ती चाचणी धरू नका. मुळा, बटाट्यासारख्या वनस्पतींतली द्रव्यंही रंग आणू शकतात. ल्युमिनॉल, म्हणजे रक्तावर फवारलं की अंधारात उजळणारं रसायन, तर ब्लीचिंग पावडर आणि तांब्यावरही उजळतं. म्हणून या चाचण्या "रक्त असू शकतं" एवढंच सांगतात. ते माणसाचं आहे का आणि कोणाचं, हे प्रयोगशाळा सांगते. ल्युमिनॉल फवारायचंच असेल तर फोटो आणि नमुने झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा ओला सदरा घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत सील केला. पावसाळा होता. प्रयोगशाळेत पिशवी उघडली तेव्हा आत बुरशी होती, आणि छातीवरचं रक्त घडीतून पाठीवर उमटलं होतं. कोणता डाग घटनेचा आणि कोणता माझ्या घडीचा, हे कोणालाच सांगता येईना. त्या कुटुंबाला मी आजही विसरलेलो नाही. म्हणून सांगतो: कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर पसरून पूर्ण वाळवा. उन्हात नको, पंख्याखाली नको. घडी घालावीच लागली तर प्रत्येक थरात कोरा कागद घाला. पाकीट कागदाचं आणि एका पाकिटात एकच वस्तू. आरोपीचा आणि मयताचा कपडा एका टेबलावर कधीही ठेवू नका, मधल्या वेळात टेबल पुसलं तरीही नाही. प्रत्येक नमुन्यानंतर हातमोजे बदला.

वाळलेला डाग उर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेल्या निर्जंतुक कापसावर घ्या. शेजारच्या स्वच्छ जागेचा कापूसही वेगळा घ्या. सारवलेल्या जमिनीचा डागासकट पोपडा उचला आणि डाग नसलेल्या जागेचाही एक पोपडा द्या. सीलवरची सही, वेळ आणि मालखान्याच्या नोंदवहीतला क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. उलटतपासणी बहुतेक वेळा याच धाग्यावर उभी राहते.

लिहिताना कुठे थांबायचं

हे शास्त्र नवं नाही. १८९५ मध्ये क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेत एदुआर्त पिओत्रोव्स्की यांनी रक्ताच्या शिंतोड्यांवर प्रयोग करून ते प्रसिद्ध केले. तरीही २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या विश्लेषणातली अनिश्चितता प्रचंड असल्याचं बजावलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ कामकरी विश्लेषकांना १९२ नमुने दाखवले, आणि ज्यांचं खरं कारण माहीत होतं अशा नमुन्यांवरची ११.२ टक्के उत्तरं चुकली. इंडियाना राज्यात एका माजी पोलिसाच्या पत्नीचा आणि दोन मुलांचा २००० मध्ये खून झाला. त्याच्या टी-शर्टवर ८ अगदी बारीक डाग होते. एका बाजूचे तज्ज्ञ म्हणाले, गोळीने उडालेले शिंतोडे. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, मुलाला गाडीतून बाहेर काढताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांवरून लागलेले. तो माणूस दोनदा दोषी ठरला आणि २०१३ मध्ये निर्दोष सुटला.

म्हणून अंमलदाराने पंचनाम्यात फक्त दिसतं ते लिहावं: "पूर्वेकडील भिंतीवर जमिनीपासून ४० ते ९५ सेंटिमीटर उंचीवर तांबूस तपकिरी रंगाचे लांबट ठिपके, शेपटीची टोकं उत्तरेकडे व वर." "रक्ताचे डाग" नको, "रक्तासारखे दिसणारे" लिहा. "आरोपीने मारल्यामुळे" तर नकोच. डागाचा अर्थ लावणं तज्ज्ञाचं काम आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली त्याचं मत न्यायालयापुढे येतं, तुमचं नाही. आणि तज्ज्ञानेही "या डागांशी सुसंगत" आणि "याच प्रकारे घडलं" यांतली रेघ ओलांडू नये. एकाच डागाची दोन स्पष्टीकरणं शक्य असतील तर दोन्ही लिहावीत. शक्य झालं तर डाग वाचणाऱ्याला जबाब, वैर, संशयिताचं नाव काहीच आधी सांगू नका. बंडीच्या वेळी आम्हा सगळ्यांना बांधाचं भांडण माहीत होतं. बाबांनी फक्त डाग बघितला.

सराव

खाटकाकडून बकऱ्याचं ताजं रक्त आणा. पॅथॉलॉजीच्या गोठणरोधक नळ्यांत ते लगेच भरा आणि हातमोजे घाला. पुठ्ठा, शहाबादीचा तुकडा, सारवणाचा पोपडा आणि सुती कापड यांवर ड्रॉपरने ३०, ६० आणि १२० सेंटिमीटरवरून थेंब सोडा. मग गुळगुळीत पुठ्ठा ओळंब्याच्या उभ्या रेषेशी ३०, ४५ आणि ६० अंशांत टेकवून पुन्हा सोडा. प्रत्येकाच्या मागे उंची, कोन आणि पृष्ठभाग लिहा. वाळल्यावर सगळे मिसळून सहकाऱ्याला द्या आणि मागची बाजू न बघता कोन व उंची लिहायला सांगा. गुळगुळीत पुठ्ठ्यावरचे कोन बऱ्यापैकी बरोबर येतील. नुसत्या ठिपक्यावरून सांगितलेली उंची चुकेल, आणि सारवणावरच्या काटेरी कडेकडे बघून बहुतेक जण ३० ला १२० म्हणतील. चुकलेले तुकडे वेगळे काढून त्यांवर दिलेलं उत्तर आणि खरं उत्तर शेजारी शेजारी लिहा, आणि तो गठ्ठा ठाण्यातच ठेवा. नव्याने येणाऱ्याला तोच आधी दाखवा.